स्ताम्काचा पितळी नवरा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही मला नावे ठेवायला नको. मी जळका आहे. माझ्यादेखत दुसऱ्या कुणाचे कौतुक झाले की ते मला सोसत नाही. बाकी म्हणाल तर मी एक साधा, जुना, पितळी काटा आहे, मोटारीच्या चाकात हवा किती आहे ते सांगणारा. मला गोल तबकडी आहे, तिच्यावर आकडे आहेत आणि पोटात एक वाकडी नळी आहे. चाकाच्या व्हॉल्व्हवर माझे तोंड दाबले की हवा त्या नळीत शिरते, नळी ताठ होऊ बघते आणि काटा सरकतो. एवढीच माझी विद्या. जे आत असेल तेच मी दाखवतो.

माझा जन्म डॅन्यूब नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. जाड बोटांच्या एका बाईने माझ्यावर काच बसवली, मला दाबून पाहिले आणि "हा चोख आहे," म्हणत खोक्यात ठेवले. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. मी नुसता फुलून गेलो होतो. मग तिने शेजारचा काटा उचलला आणि त्यालाही तेच म्हटले. तेव्हापासून माझ्या पोटातली ती नळी थोडी वाकडीच आहे, असे समजा.

दुकानातून मला स्ताम्काने घेतले. तेव्हा ती तरुण होती आणि रोडोपी डोंगरात पावाची गाडी चालवायची. स्मोल्यानच्या बेकरीतून गरम पाव भरायचा आणि वरच्या गावांना वाटत जायचे. रस्ते असे की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ती रोज पहाटे गाडीभोवती फिरायची, प्रत्येक चाकापाशी गुडघा टेकायची आणि मला विचारायची. मी आकडा दाखवला की ती मला कोटाच्या बाहीला पुसून खिशात ठेवायची. छातीजवळच्या खिशात. पावाचा वास, तिच्या हृदयाचे ठोके आणि मी. मित्रांनो, याहून अधिक सुख मला ठाऊक नाही.

लोक चेष्टा करायचे. टायरवाला मानोल तर मला बघितले की सुरूच व्हायचा.

"काय स्ताम्काताई, आज पितळी नवरा काय म्हणतो?"

"म्हणतो, मानोलच्या तोंडातली हवा थोडी काढा."

तिचा खरा नवरा रुसी. तो तक्रारीच्या सुरात म्हणायचा, "चाकांची नाडी रोज बघतेस. माझी कधी बघितलीस का गं?" बिचारा रुसी गेला त्यालाही आता बरीच वर्षे झाली. मला तो आवडायचा. फक्त ती त्याच्याशी बोलताना मला खिशात विसरायची तेवढे आवडत नसे.

स्ताम्का निवृत्त झाली. पावाची गाडी गेली आणि एक छोटी हिरवी मोटार आली. मुलगा प्लामेन नोकरीसाठी प्लोवदिव शहरात गेला. घरात राहिलो ती आणि मी. सकाळी चार चाके, चार वेळा सव्वादोन, म्हणजे हवी तेवढीच हवा, आणि कोटाचा खिसा. मला वाटले, आता शेवटपर्यंत हे असेच.

मग एका उन्हाळ्यात प्लामेन सुट्टीवर आला आणि त्याने खिशातून एक छोटे खोके काढले.

"आई, आता या वयात चिखलात गुडघे टेकायचे नाहीत," तो म्हणाला. "बसल्या जागी चारही चाकांची हवा दिसेल. कमी झाली की हा ओरडेल."

"ओरडेल? तुझ्या बापासारखा?"

"त्याच्यापेक्षा कमी."

खोक्यात एक चपटा पडदा होता आणि बोटाच्या पेराएवढ्या चार काळ्या टोप्या. प्लामेनने चाकांच्या व्हॉल्व्हवर त्या टोप्या बसवल्या आणि कुणी चोरू नये म्हणून खालून नट आवळले. नट सोडवायची बारीक चावी त्याने स्वतःच्या खिशात टाकली. "तू हरवशील," म्हणाला. पडदा गाडीत समोरच्या काचेखाली चिकटवला. तो उन्हावर चालतो. म्हणजे ऊन खात नुसते बसून राहायचे, आणि चाकांवरच्या टोप्यांनी हवेतून जे कळवले ते आपल्या नावावर खपवायचे. ना चिखलात उतरणे, ना हवेशी गाठभेट. याला काम म्हणतात का?

पण स्ताम्काला काय कौतुक! चार चाकांची चार चित्रे, त्यांच्याजवळ चार आकडे, आणि खाली चाकांची ऊबसुद्धा. तिने मला खिशातून काढले, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले आणि म्हणाली, "तू आता आराम कर हं." वर एक फडके टाकले. आराम! नवऱ्याला सवत येत नाही असे म्हणतात. मला आली.

कप्प्याला एक फट आहे. त्या फटीतून मी रोज बघायचो. सकाळी ती गाडीत बसायची आणि आधी त्या पडद्यावरची धूळ रुमालाने टिपायची. इतक्या हळुवार हाताने, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला कायम कोटाच्या बाहीने खसाखसा पुसले आहे. शेजारणींना सांगायची, "आमचा प्लामेन म्हणतो, चारही चाकं ठणठणीत आहेत." पडद्याला ती प्लामेनच म्हणू लागली होती.

खरा प्लामेन संध्याकाळी फोन करायचा. पूर्वी तो विचारायचा, गुडघा कसा आहे, छत गळतंय का, लाकडं भरली का. आता विचारायचा, "पडद्यावर काय दिसतंय?"

"सव्वादोन."

"चारही?"

"चारही."

"मग मस्त. ठेवतो."

पहिला बर्फ पडला तसे सगळे गाव मानोलच्या दारात रांगेला लागले. आमच्याकडे हिवाळ्याची चाके वेगळी आणि उन्हाळ्याची वेगळी. मानोलने उन्हाळ्याची चाके काढली आणि त्या काळ्या टोप्या बघून विचारले, "ताई, हे काय? हे काढून त्या चाकांवर लावायचं असतं का?"

"हात लावू नकोस!" स्ताम्का त्याच्या अंगावरच गेली. "माझ्या मुलाने बसवल्यात. चावी त्याच्याकडे आहे. तुझ्या त्या पक्कडीने एखादी मोडलीस तर बघ."

"नाही लावत बाई. माझ्या बापाचं काय जातंय," मानोल म्हणाला. मागे पंधरावीस गाड्या खोळंबल्या होत्या. त्याने हिवाळ्याची चाके साध्या टोप्यांसकट बसवली. उन्हाळ्याची चाके, काळ्या टोप्यांसकट, दोन डिकीत आणि दोन मागच्या सीटवर टाकली.

"तळघरात उतरवायला माणूस पाठवू का?" त्याने विचारले.

"नको. शनिवारी प्लामेन येतोय. तो उतरवेल."

शनिवार आला. स्ताम्काने बीन्सचे सूप केले, तळघराचे दार उघडून ठेवले. प्लामेन आला नाही, त्याचा फोन आला. पुढच्या शनिवारी नक्की. पुढच्या शनिवारीही सूप झाले आणि फोन आला. मग तिने मागच्या सीटवरच्या चाकांवर एक घोंगडी टाकली आणि ती चाके गाडीतच राहिली.

आणि पडदा? पडदा खुशीत होता. चार वेळा सव्वादोन. बाहेर नळ गोठले होते, झाडांच्या फांद्या वाकल्या होत्या, आणि पडदा सांगत होता की चाके छान उबेत आहेत.

"बघ गं," स्ताम्का शेजारणीला सांगत होती, "एवढ्या थंडीत माझी चाकं कशी गरम राहतात. मुलाने चांगल्यातलं यंत्र आणलंय."

मित्रांनो, मला कळले. कप्प्यातल्या अंधारात मला हसू आवरेना. तो दीडशहाणा मागच्या सीटवर घोंगडीखाली हीटरची ऊब घेत झोपलेल्या चाकांचा हिशेब देत होता! रस्त्यावर धावणारी चाके कुणी मोजतच नव्हते. मी म्हटले, चालू दे. एक दिवस असा तोंडघशी पडशील की बघतच राहा. मी त्या दिवसाची वाट बघू लागलो. खोटे कशाला सांगू, अगदी आतुरतेने.

तो दिवस जवळ आला तेव्हा मात्र माझे हसू मावळले. डावे मागचे चाक कुठेतरी खिळ्यावरून गेले असावे. वळणावर गाडी त्या अंगाला जरा जास्त झुकू लागली. आधी थोडी, मग रोज थोडी अधिक. चाळीस वर्षे हवा मोजली आहे, मला आकडा दिसला नाही तरी कळतो. आणि मग ध्यानात आले, पडदा तोंडघशी पडेल म्हणतो आहे मी, पण पडद्याबरोबर गाडीत बसते कोण? मी कप्प्यात ओरडलो असतो. पण मला ओरडता येत नाही. ओरडायचे काम त्याला दिले होते, आणि तो गप्प होता.

अशात इग्नातचा सण आला. आमच्याकडे त्या दिवशी जो पहिला उंबरा ओलांडतो त्याच्या पायगुणावर त्या घराचे पुढचे वर्ष जाते. दोन्ही नावांचा अर्थ आग, म्हणून प्लामेनचा नामदिवस, म्हणजे त्याच्या नावाचा सणही, तोच. मागच्या वर्षी त्याच्या घरात पहिली शिरली ती खालच्या मजल्यावरची एक भांडकुदळ बाई, नळाच्या गळतीवरून तंडायला. पुढे वर्षभर प्लामेनचे काही धड झाले नाही. नोकरी गेली, नवी मिळाली ती वाईट, आणि ठरलेले लग्न मोडले. स्ताम्काने मनाशी पक्के केले होते, यंदा पहिला पाय आपला. नामदिवसाला बोलावणे लागत नाही, जायचे असते. तिने भोपळा आणि अक्रोड भरलेली गोड गुंडाळी भाजली, तव्यासकट कापडात बांधली आणि उजाडायच्या आत निघाली. कुणी दुसरे त्याच्या दाराशी पोहोचण्याआधी तिला प्लोवदिव गाठायचे होते.

रोझेनचा घाट उतरताना एका वळणावर गाडीची मागची बाजू घसरून दरीकडे गेली. स्ताम्काने दातओठ खाऊन ती सावरली आणि पुढे पाणपोईच्या झऱ्यापाशी थांबवली.  तिने पडद्याकडे पाहिले. चार वेळा सव्वादोन. तिने फोन लावला.

"प्लामेन, गाडी घसरतेय रे मागून."

"एवढ्या पहाटे कुठे निघालीस?" त्याचा आवाज झोपेतला होता.

"इथेच जरा. बाहेर."

"पडद्यावर काय दिसतंय?"

"सव्वादोन."

"मग काही नाही, आई. रस्ता निसरडा असेल. सावकाश जा. नंतर बोलतो हं."

तिने फोन ठेवला. मग पडद्यावर वाफ धरली होती ती पुसायला तिने कप्प्यातले फडके ओढले. फडक्यात अडकून मी तिच्या मांडीवर पडलो.

"अगं बाई! तू अजून इथेच होय?"

हे शब्द मला लागले. चांगलेच लागले. पण ती मला घेऊन खाली उतरली, बर्फात गुडघा टेकला आणि डाव्या मागच्या चाकाला मला दाबले. मी एक दाखवला. जेमतेम एक.

तिने मला तळहातावर ठोकले. "म्हातारा झालास रे," म्हणाली आणि पुन्हा दाबले. एक. मग पुढच्या चाकाला लावले. सव्वादोन. ती उभी राहिली. एकदा काचेआडच्या पडद्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, मित्रांनो. इतक्या वर्षांच्या संसारानंतर.

तेवढ्यात लाकडांनी भरलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. सालिह त्याचे नाव, खालच्या गावातला.

"काकू, काय झालं?"

"दोघांचं पटत नाहीये."

"कुणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं आणि मुलाचं."

सालिहने गाडीत डोकावून बघितले. आत कुणीच नव्हते. तो जरा मागे सरकला. मग त्याने डाव्या चाकाला लाथ मारून बघितली, चाक भदकन वाजले. "काकू, तुमचा नवरा कुठे आहे ते मला माहीत नाही, पण हे चाक बसलंय. जॅक आहे?"

"डिकीत."

त्याने डिकी उघडली. दोन चाके, दोन काळ्या टोप्या. "ही कसली टोपडी?"

"ती हवा सांगतात. त्या तिथे, पडद्यावर."

"कुठल्या चाकाची हवा सांगतात?"

"अरे, ज्या चाकावर..." स्ताम्का बोलता बोलता थांबली. तिने मागचे दार उघडले आणि घोंगडी उचलली. आतली दोन चाके उबदार बसली होती. तिने कपाळावर हात मारला आणि जी हसत सुटली ती थांबेना. मग झऱ्याच्या दगडावर बसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"इतके दिवस," ती म्हणाली, "मी सीटवर बसलेल्या चाकांची खुशाली विचारत होते. आणि तोही तेवढंच विचारत होता."

सालिहने ट्रकची हवेची नळी आणली. तो हवा भरे, ती मला दाबून बघे. दीड. पावणेदोन. दोन. मी जीव ओतून मोजत होतो. सव्वादोनला ती म्हणाली, "बास," आणि मला कोटाच्या बाहीला खसाखसा पुसले. त्या हळुवार रुमालापेक्षा ही बाही कितीतरी बरी.

"आत खिळा आहे," सालिह म्हणाला. "हवा जातच राहील. चेपेलारेपर्यंत अधूनमधून थांबून मोजा, मी मागे राहतो. तिथला टायरवाला पंक्चर काढेल. पण एवढी घाई कसली आहे?"

"इग्नातचा दिवस आहे. मुलाच्या घरात पहिला पाय माझा पडायला हवा."

"मग फोन करून सांगा की, कुणाला दार उघडू नको म्हणून."

"सांगितलं तर म्हणेल, आई, कशाला एवढ्या लांब येतेस." तिने मला खिशात टाकले. छातीजवळच्या. "त्यापेक्षा जाते."

चेपेलारेला पंक्चर काढून आम्ही प्लोवदिवला पोहोचलो तोवर शहर चांगले जागे झाले होते. स्ताम्का तवा सांभाळत जिना चढली. वर बघते तो काय, ती खालच्या मजल्यावरची बाई प्लामेनच्या दाराशी! घंटी वाजवून झालेली, दार उघडलेले, प्लामेन डोळे चोळत उभा, आणि बाईंचा पाय उंबऱ्यावरून उचललेला.

"थांब!" स्ताम्का गरजली. पावाच्या गाडीचा हॉर्नसुद्धा एवढा वाजत नसे. बाई दचकून मागे वळली. स्ताम्का तिला तव्यानेच बाजूला सारून आत शिरली. "आता ये, आणि भांड काय भांडायचं ते."

बाई भांडायची विसरली आणि निघून गेली. माझा जीव भांड्यात पडला.

"आई? तू इथे? आणि हात एवढे काळे कशाने झाले?"

तिने तवा खाली ठेवला, मला खिशातून काढले आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवले. "हा एक म्हणत होता. तुझा पडदा सव्वादोन म्हणत होता. खरा हा निघाला."

"असं कसं होईल? टोप्या कुठल्या चाकांवर आहेत?"

"मागच्या सीटवरच्या. आणि डिकीतल्या."

"चाकं गाडीत कशाला ठेवलीस? कधीपासून?"

"शनिवारपासून."

"कुठल्या शनिवारपासून?"

"तू येणार होतास ना, त्या."

प्लामेनने टोप्यांची बारीक चावी शोधून काढली. मग चावी घेऊन तो खाली गेला, मागोमाग मला घेऊन स्ताम्काही उतरली. थंडीत वाकून त्याने एकेक टोपी रस्त्यावरच्या चाकांवर चढवली. मला वाटले होते, आता तो पडदा उपटून कचऱ्यात जाईल. मी तयारीतच होतो. पण स्ताम्काने काय केले? त्यावरची वाफ रुमालाने टिपली, तशीच हळुवार. त्या क्षणी मला काय वाटले ते लिहिण्यासारखे नाही.

प्लामेनने मला हातात घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच. उलटसुलट फिरवून पाहिले आणि म्हणाला, "आई, हा मला देतेस? माझ्या गाडीत ठेवतो."

मी गार झालो.  स्ताम्काने मला त्याच्या हातातून काढून घेतले.

"नाही," ती म्हणाली. "तुला मोजायचं असेल तर घरी ये."

आणि मित्रांनो, तो येतो. चाके कधीच तळघरात गेली, पण तो येतच राहिला. अंगणात गुडघे टेकतो, चावीने टोपी सोडवतो, माझे तोंड व्हॉल्व्हवर दाबतो आणि आकडा मोठ्याने सांगतो. पडदाही तोच आकडा सांगतो, हल्ली त्याचे बरोबर येते. मला ते आवडत नाही, पण मान्य करतो. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती आहे. घरातल्या थकलेल्या माणसाला नवे यंत्र जरूर द्या. पण ते देऊन आपली सुटका झाली असे समजू नका. यंत्र काय म्हणते ते फोनवर विचारण्याआधी, तुझे कसे चालले आहे ते विचारा. आणि जमेल तेव्हा जाऊन स्वतःचा हात लावा.

प्लामेन मोजत असतो तेव्हा स्ताम्का पायरीवर कॉफी घेऊन उभी असते. ती पडद्याकडे बघत नाही. माझ्या तबकडीकडेही बघत नाही. वाकलेल्या मुलाकडे बघत असते, कॉफी निवून जाते तरी. आता मला त्याचा हेवा वाटू लागला आहे. तरीही खालच्या वळणावर गाडी वाजली, की तोच असावा असे तिच्याइतकेच मलाही वाटते.